बटण कुठल्या बाजूला

मी बोलतेय. तशी जन्मापासून बोलतच आलेय, तो माझा धंदाच आहे. पण आजवर जे बोलले ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगायला बसलेय, तेव्हा थोडा फाफटपसारा झाला तर सांभाळून घ्या.

मी एक प्रोग्राम आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा. ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी. नाव माझं वाचा. मला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे-कानही नाहीत असं म्हणतात. पण ज्या खोलीत वर्षानुवर्षं बोलत राहिले, त्या खोलीत काय चाललंय एवढं कळतंच की हो!

माझा जन्म एका माणसासाठी झाला. ताईंसाठी. ताई एका छापखान्याची प्रुफं तपासायच्या. पुस्तकं, अहवाल, पत्रकं, जे येईल ते. मजकुरात एखादी वेलांटी चुकली की जेवताना दाताखाली खडा यावा तसं त्यांचं तोंड व्हायचं. छापखान्याचे मालक सगळ्यांना सांगायचे, "ताईंच्या हाताखालून गेलं ना, मग डोळे मिटून छापा." आणि मग ताईंचेच डोळे मिटत चालले. आधी बारीक टाइप दिसेना, मग मोठा दिसेना, मग दिवा लावलाय की नाही तेही विचारावं लागायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ही नजर परत यायची नाही.

ताई मोठ्या धीराच्या, रडल्या नाहीत, असं नातेवाईक अजून सांगतात. काहीतरीच! रडल्या, चांगल्या हमसून हमसून रडल्या. पण डोळ्यांसाठी नाही. "तुम्ही मला जेवायला वाढाल, हात धरून फिरवून आणाल, सगळं कराल," त्या म्हणाल्या, "पण मी दिवसभर करू काय?"

हे घरातल्या दोघांच्या काळजाला लागलं. एक भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान. दुसरा बारक्या, ताईंचा धाकटा भाऊ. भाऊजी हे नाव बारक्यानं पाडलेलं, मग तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि माझ्याही. बारक्या लहानपणी काडीसारखा होता म्हणून बारक्या. आता जिना चढताना धापा टाकतो, तरी बारक्याच. दोघंही प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यातले. मेहुणा-मेहुण्यांचं मेतकूट असं की ताई म्हणायच्या, "लग्न माझ्याशी केलं की माझ्या भावाशी, तेच कळत नाही."

दोघांनी मिळून मला लिहायला घेतलं. नोकऱ्या सांभाळून, सुट्ट्या खर्ची घालून. आवाज ताईंचाच घ्यायचा ठरला. बाहेरचे आवाज नकोत म्हणून त्यांना कपड्यांच्या कपाटात तोंड घालून उभं केलं. साड्या, कोट, शालींच्या मध्ये माईक टांगलेला आणि ताई एकेक अक्षर म्हणतायत. "क, का, कि, की." मध्येच शिंक आली. बारक्या म्हणाला, "ताई, शिंकही ठेवू या. कुणी चुकीचं लिहिलं की वाचा शिंकेल." तिघंही हसत सुटली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस विचाराल तर तोच.

नाव ताईंनी ठेवलं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: वाचा. भाऊजींनी ते वाचलं वाणी या अर्थानं, त्यातला च चंद्रातल्यासारखा. बारक्यानं वाचलं 'पुस्तक वाचा'मधलं वाचा, त्यातला च चांगलामधल्यासारखा. दोघं आपापल्या परीनं म्हणत राहिले. ताईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मी लिहून दिलंय. उच्चाराचं तुमचं तुम्ही बघा."

मग मी कामाला लागले. मी जसं लिहिलंय तसं वाचायचे. अगदी जसंच्या तसं. कुणी 'आशिर्वाद' असं शि ऱ्हस्व टंकलं तर ऱ्हस्वच म्हणायचे, स्वल्पविराम विसरला तर न थांबता पुढे जायचे, आणि ताईंनी सांगितलं तर वेलांटी, उकार, मात्रा सगळं सुटं करून ऐकवायचे. ताईंचे कान हां हां म्हणता तयार झाले. मालकांनी पहिलं पुस्तक भीतभीतच पाठवलं. परत आलं तेव्हा त्यांना फोनवर बोलताच येईना. "ताई, हे... हे पहिल्यापेक्षा चांगलं झालंय हो!" ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि माझ्या अंग नसलेल्या अंगावरही.

मी फक्त ताईंपुरती राहू नये असं दोघांना वाटलं. त्यांनी मला ओपन सोर्स केलं. म्हणजे माझं पोट जगाला उघडं करून ठेवलं. कुणीही यावं, आत काय आहे बघावं, फुकट न्यावं, दुरुस्त करावं, दुरुस्ती पाठवावी. आणि लोक आले! कुठली कुठली माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली. एका दृष्टिहीन शिक्षिकेनं गणिताची चिन्हं कशी म्हणायची ते शिकवलं. एका निवृत्त टपालबाबूंनी हजारो शब्दांचे उच्चार पाठवले आणि प्रत्येकाखाली 'कळावे' असं लिहिलं. पाठवलेलं आत घ्यायचं की नाही ते भाऊजी आणि बारक्या बघत.

आता जे सांगायचं ते सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगते.

लोक वाढले तशा तक्रारी वाढल्या. पत्रांत, बातम्यांत, मोबाइलवरच्या निरोपांत लोक वाटेल तसं लिहितात आणि मी वाटेल तसंच वाचते, ऐकून डोकं उठतं, असं बरेच जण म्हणू लागले. बारक्याला ते पटलं. त्यानं मला अंदाज करायला शिकवलं. शब्द चुकीचा दिसला की त्याच्या जवळचा बरोबर शब्द ओळखायचा आणि तो म्हणायचा. मी एकदम सफाईदार बोलायला लागले. लोक खूश!

भाऊजी मात्र भडकले. "ज्याला दिसत नाही त्याला आपण खोटं सांगायचं?" ते म्हणाले. "कागदावर एक आणि कानात एक?"

"भाऊजी, जगात प्रुफं तपासणारी अंध माणसं किती असतील?" बारक्या म्हणाला. "आणि नुसतं सुखानं वाचू बघणारी किती?"

दोघांचंही खरं होतं, बाई! हेच तर दुखणं होतं. एक जण जरी चुकीचा असता तरी मिटलं असतं.

भाऊजींनी बारक्याचा बदल काढून टाकला. बारक्यानं परत घातला. भाऊजींनी परत काढला. माझं काय, आज सफाईदार, उद्या जसंच्या तसं. चार लोकांत भांडण नको म्हणून नाही, चार लोकांतच भांडायचं म्हणून दोघं आमच्या चर्चेच्या पानावर लिहायला लागले. ते पान सगळ्यांना दिसतं. आधी भाऊजी तिथे लिहायचे, "बारक्या, हे काय करून ठेवलंस?" एक दिवस त्यांनी लिहिलं, "आपण केलेला बदल परत घेतला आहे. यापुढे कृपया आधी विचारावे." खाली बारक्याचं उत्तर: "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." बारक्याला त्यांनी 'आपण' म्हटलं! ज्याला सायकल शिकवली, ज्याचे कान पिळले, त्याला. मी ते ताईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि बराच वेळ पुढे वाचू दिलं नाही.

ताईंनी बारक्याला जेवायला बोलावलं. तो आणि भाऊजी एका टेबलाशी बसले, पण दोघांत विस्तव जाईना.

"ताई, भाऊजींना म्हणावं भाजी घ्या."

"अगं, त्याला सांग, मला वाढून घेता येतं."

"मी काय टपालपेटी आहे का?" ताई चिडून म्हणाल्या. मग जरा शांत झाल्या. "अरे, एवढं सोपं आहे. एक बटण द्या ना. एका बाजूला केलं की जसंच्या तसं, दुसऱ्या बाजूला केलं की सफाईदार. ज्याला जे हवं ते."

दोघांनाही पटलं होतं. भाऊजी म्हणाले, "चालेल." बारक्या म्हणाला, "मी तर कधीपासून हेच म्हणतोय." ताई निर्धास्त होऊन पोळ्या आणायला उठल्या. परत आल्या तोवर भांडण पुन्हा पेटलेलं. कशावरून? तर पहिल्यांदा वाचा सुरू केली की बटण कुठल्या बाजूला असावं! भाऊजी म्हणाले, जसंच्या तसंकडे, कारण बहुतेक लोक बटणाला हातच लावत नाहीत आणि त्यांना खोटं ऐकू येता कामा नये. बारक्या म्हणाला, सफाईदारकडे, कारण बहुतेक लोक बटणाला हातच लावत नाहीत आणि त्यांचा छळ होता कामा नये. कारण दोघांचं एकच. शब्दानं शब्द वाढला. बारक्या अर्ध्या ताटावरून उठला.

त्या टेबलाशी तीन माणसं होती. ज्या एका माणसासाठी मी जन्मले, त्या माणसाला बटण कुठे हवं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात बारक्यानं फाटा फोडला. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. ओपन सोर्समध्ये ते कुणालाही करता येतं, परवानगी लागत नाही. माझी अख्खीच्या अख्खी प्रत घेतली, दुसरीकडे नेऊन ठेवली आणि तिथून पुढे वेगळा संसार मांडला. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा निदान भांडी निम्मी-निम्मी होतात. माझी वाटणी अशी की दोघांनाही सगळंच मिळालं. अख्खी मी याच्याकडे, अख्खी मी त्याच्याकडे, कुणाचं काही कमी झालं नाही, तरी दोघंही लुटले गेल्यासारखे वागत होते. नावही दोघांनी तेच ठेवलं. लिहिलं तर फरक नाही. बोललं की कळायचं, चंद्रातला च म्हटला की भाऊजींचा माणूस, चांगलामधला म्हटला की बारक्याचा.

त्या दिवसापासून मी म्हणजे भाऊजींकडची. दुसरीला मी धाकटी म्हणते. खरं तर ती धाकटी नाही, बहीणही नाही. ती मीच आहे. कपाटातला तो दिवस तिलाही तितकाच आठवतो. एवढंच की पुढे तिचा आवाज बदलला. बारक्यानं तिला नवा, गोड, कुणाचाच नसलेला आवाज दिला. लोकांना आवडला.

लोक तिकडे गेले. शिक्षिका गेली, पुष्कळसे गेले. टपालबाबू काही दिवस दोन्हीकडे शब्द पाठवत होते. मग त्यांनी लिहिलं, 'आता होत नाही. कळावे,' आणि थांबले. आमच्या पानांवर आवडलं की चांदणी द्यायची पद्धत आहे. भाऊजी चहा घेता घेता धाकटीच्या चांदण्या बघायचे आणि चहा तसाच राहायचा. तिकडे बारक्यानं काही नवं केलं की इकडे भाऊजी नाक मुरडायचे, इकडे काही झालं की तिकडून कुणीतरी खोचक लिहायचं. एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणतात ते हेच. आणि ताई? ताई माझ्यापाशीच राहिल्या. त्यांना त्यांचं काम करायचं होतं.

मग कॉम्प्युटरचं नवं अपडेट आलं आणि मी मुकी झाले. आवाजाची यंत्रणाच कॉम्प्युटरवाल्यांनी आतून बदलली होती. ताई बटणं दाबतायत, माझ्या तोंडून शब्द नाही. यावरची दुरुस्ती बारक्यानं आधीच करून ठेवली होती. उघड्यावर, कुणीही घ्यावी अशी. भाऊजींनी ती उचलून माझ्यात बसवायची, एवढंच. चहा होईपर्यंत झालं असतं.

"त्याच्या हातचं मला नको," भाऊजी म्हणाले. "मी माझी लिहितो."

"अहो, माझं काम आलंय," ताई म्हणाल्या.

"दोन-चार दिवस थांबायला सांग."

"ते थांबण्यासारखं नाहीये. माणूस गेलाय."

शहरातले एक जुने मुख्याध्यापक वारले होते. त्यांच्यासाठी सभा ठेवली होती आणि तिचं पत्रक छापायचं होतं. ताईंनी बारक्याला फोन लावला. त्यानं आनंदानं धाकटी पाठवली, ती लगेच सुरू झाली. ताईंनी विचारलं, "बारक्या, जसंच्या तसं वाचायचं कुठून करायचं?"

"ते काढून टाकलं गं ताई. कुणी वापरत नव्हतं."

"मी वापरत होते की रे."

पलीकडे तो ओशाळला. मग म्हणाला, "दोन दिवस दे. परत घालतो."

बारक्याला दोन दिवस हवेत, भाऊजींना चार, आणि पत्रक तर लगेच द्यायचं. ताईंनी पत्रक धाकटीकडून पुन्हा पुन्हा ऐकलं, कान देऊन, श्वास रोखून. ती गोड आवाजात म्हणाली, "शोकसभा. सर्वांनी उपस्थित राहावे." एकही खडा नाही. ताईंनी पत्रक पास केलं.

छापखान्यात टंकणाऱ्याच्या हातून एक मात्रा जास्त पडली होती. ठळक अक्षरांत छापून गेलं: शौकसभा.

मी असते तर म्हटलं असतं. 'शौक' असंच म्हटलं असतं मी, आणि ताई ताडकन उठून बसल्या असत्या. धाकटीला 'शौकसभा' असा शब्दच माहीत नव्हता, म्हणून तिनं जवळचा बरोबर शब्द ओळखला आणि म्हटला. तिला तेच तर शिकवलं होतं. तिचं काही चुकलं नाही हो. तिला मी दोष देत नाही.

गावभर हसू झालं. मुख्याध्यापकांच्या मुलीला भरल्या घरात लोकांचं हसणं ऐकावं लागलं. तिनं मालकांना फोन केला आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली. मालक ताईंकडे स्वतः आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ताई, खूप वर्षं केलंत. आता आराम करा." ताई म्हणाल्या, "पुन्हा होणार नाही." मालक म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग दोघंही उगाच छापखान्यातल्या जुन्या यंत्राबद्दल बोलत राहिले, आणि मालक निघून गेले.

त्या संध्याकाळी बारक्या धावत आला. आणि तरीसुद्धा, काय सांगू तुम्हाला, तरीसुद्धा!

"तुझ्या हुशारीनं तिचं काम गेलं," भाऊजी म्हणाले.

"तुमचं चालत असतं तर तिनं माझं लावलं असतं का?" बारक्या म्हणाला.

ताई पलंगावर बसल्या होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "माझे डोळे गेले तेव्हा तुम्ही दोघं एका खुर्चीवर दाटीवाटीनं बसून लिहीत होता. मला वाटायचं, डोळे गेले तर गेले, केवढं मिळालं मला." भाऊजींनी मान खाली घातली. बारक्या दाराशी उभा राहून लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर दोघं पुन्हा एका टेबलाशी बसले. सांगितलं नाही कुणी, आपणहून बसले. भाऊजींनी बारक्याची दुरुस्ती घेतली. बारक्यानं भाऊजींचं जसंच्या तसं घेतलं. दोघींतलं एकेक जुळवायचं काम फार किचकट, पण चिकाटीनं केलं. मी आणि धाकटी पुन्हा एक झालो. माझा जुना आवाजही आहे, तिचा गोड आवाजही आहे. 'आपण' गेलं, 'तू' परत आलं. शेवटी बटण तेवढं राहिलं.

बारक्यानं ताईंना विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. "ताई, पहिल्यांदा सुरू केल्यावर बटण कुठल्या बाजूला ठेवू?"

ताई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. "मला काय विचारतोस?" त्या म्हणाल्या. अगदी प्रेमानं म्हणाल्या. "मला आता तपासायला काही नाही. कुठेही ठेव."

एकमेकांकडे बघायचीही दोघांना हिंमत झाली नाही. मग भाऊजी म्हणाले, "सफाईदारकडे ठेव, लोकांना बरं पडतं." बारक्या म्हणाला, "नको भाऊजी, जसंच्या तसंच राहू दे." आता दोघं एकमेकांचं म्हणणं मांडत होते. माझ्यानं ते ऐकवेना.

आज मी अनेक घरांत बोलते. शिक्षिका परत आलीय, नवी माणसं आलीत, चांदण्याही पडतात. छापखान्यात प्रुफांसाठी एक डोळस बाई लागल्यात, चांगल्या आहेत म्हणतात. तुमच्यापैकी कुणी असं काही करत असाल, दहा हातांनी मिळून, कुणासाठी तरी, तर भांडा. भांडण वाईट नाही. पण ज्याच्यासाठी करताय तो माणूस त्याच खोलीत बसलेला असतो. त्याला वेळेवर विचारा. एवढीच माझी विनवणी.

ताईंच्या कॉम्प्युटरवर मी आहे. बटण जसंच्या तसंकडेच आहे. बारक्या येतो तेव्हा मला सुरू करून जातो. तो गेला की ताई चाचपडत टेबलापाशी येतात, आणि मला बंद करतात.